इंग्रजीचा 'चा-ची-चे' : घरच्या घरी शिकायचे व्याकरण

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून एक वाक्य हमखास कानावर येते, "बाकी विषय निघाले, इंग्रजी राहिले." गणितही राहते, नाही असे नाही. पण गणित राहिले तर पोराने अभ्यास केला नाही म्हणून त्याला बोलणी बसतात, आणि इंग्रजी राहिले तर "जाऊ द्या, ती काय आपली भाषा आहे!" असे म्हणून सारे घर ते मान्य करून टाकते. हे मान्य करून टाकणेच मला मुळात पटत नाही.

आपल्या बीड जिल्ह्यात तर त्याला आणखी एक कारण आहे. दसरा-दिवाळी झाली की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी, गेवराई या भागांतली हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परत येणे नाही. मूल गावी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिले तर शाळा चालू राहते. नाही तर कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळण्यात वर्ष जाते. मराठी शाळेतून बुडालेले मराठी घरात बोलून भरून निघते. इतिहास-भूगोल वाचून भरून निघतो. बुडालेले इंग्रजी मात्र कोण भरून काढणार? २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. आमच्या पिढीला तर ए-बी-सी-डी पाचवीत भेटली! पण पहिलीपासून असो की पाचवीपासून, एकदा धागा तुटला की तो घरी कोणी जोडून दिल्याशिवाय जुळत नाही.

यावर आई-वडिलांचे उत्तर ठरलेले असते, "आम्हालाच येत नाही, आम्ही काय शिकवणार?"

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. त्यांचे इंग्रजी पुढे जगभर नावाजले गेले. पण त्या इंग्रजीचा पाया कोठे घातला गेला? परळच्या चाळीतल्या खोलीत, वडिलांच्या हाताखाली! रामजी सुभेदारांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मुलाकडून घटवून घेतली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. भाषांतर पाठमाला म्हणजे काय? एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला त्याचे इंग्रजी. सुभेदार स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते, त्यांना इंग्रजी येत होते, ही गोष्ट खरी. आपल्याला तेवढे येत नाही, हेही खरे. पण मराठी वाक्य तर येते! अर्धी पाठमाला आपल्या तोंडात आहेच. उरलेली अर्धी कशी जोडायची, तेवढेच या लेखात पाहू. मी कारकून माणूस आहे, भाषेचा पंडित नाही. रोज अर्ज आणि दाखले हातून जातात, त्यामुळे उदाहरणेही तिथलीच येतील.

नामे घरातच आहेत

नाम म्हणजे नाव. माणसाचे, गावाचे, वस्तूचे, गुणाचे. आता घरातल्या म्हातारीला विचारा, तिला किती इंग्रजी नामे येतात. ती म्हणेल एकही नाही. मग तिच्या दिवसभराच्या बोलण्यावर लक्ष ठेवा. बस, स्टँड, तिकीट, कंडक्टर, डॉक्टर, इंजेक्शन, रेशन, कार्ड, बँक, पासबुक, मोबाईल, चार्जर, सिलेंडर, पंप, पाईप, बिल, मीटर, ऑफिस, साहेबाची सही असलेले सर्टिफिकेट. न शिकता पाच-पन्नास नामे निघतील. तरुण पोरांची तर पाचशेच्या पुढे जातील.

मग अडते कुठे? अडते ते क्रियापदापाशी. आपण इंग्रजीतून नाम तेवढे उचलले आणि त्याला मराठी 'करणे' जोडले. फोन केला, चार्ज केला, फॉर्म भरला, मेसेज टाकला. इंग्रजी क्रियापदाची कधी गरजच पडली नाही. म्हणून मुलाला शब्द येतात आणि वाक्य येत नाही. विटा ढीगभर आहेत, गिलाव्याचा पत्ता नाही, अशी आपली स्थिती आहे. मुलांना नुसते शब्द पाठ करायला लावणाऱ्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. विटा पुष्कळ झाल्या!

नामाचे अनेकवचन मराठीत तऱ्हेतऱ्हेने होते. मुलगा-मुलगे, मुलगी-मुली, घर-घरे, भिंत-भिंती. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी शेवटी नुसता एस लावला की काम भागते. बुक-बुक्स, पेन-पेन्स, बस-बसेस. काही हट्टी शब्द आहेत, ते पाठच करावेत : मॅन-मेन, वुमन-विमेन, चाइल्ड-चिल्ड्रन, फूट-फीट. पाणी, दूध, पैसा हे मोजता येत नाहीत, मापता येतात. म्हणून वॉटर, मिल्क, मनी यांना एस लागत नाही. तक्रार अर्जात नेहमी दिसणारी एक चूक तेवढी सांगतो. 'पोलीस' हा शब्द इंग्रजीत अनेकवचनी धरतात. 'द पोलीस हॅव' असे लिहायचे, 'हॅज' नाही. उलट डोक्यावरचे केस मराठीत अनेक, पण इंग्रजीत 'हेअर' एकच : 'हिज हेअर इज व्हाइट.'

'फादर्स नेम' म्हणजे कोणाच्या फादरचे?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. चा, ची, चे. मराठी व्याकरणात हिला षष्ठी विभक्ती म्हणतात. कोण कोणाचा, काय कोणाचे, हे सांगणारी ही विभक्ती. इंग्रजीत तिच्यासाठी दोन सोयी आहेत आणि दोन्ही प्रत्येक छापील अर्जावर भेटतात.

पहिली सोय एसची. नाव लिहायचे, त्याच्या पुढे वरच्या अंगाला स्वल्पविरामासारखी खूण द्यायची आणि एस जोडायचा. त्या खुणेला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. फादर म्हणजे वडील. फादर्स म्हणजे वडिलांचा, वडिलांची, वडिलांचे, जे हवे ते. फादर्स नेम म्हणजे वडिलांचे नाव. जुन्या इंग्रजीत इथे 'ई' आणि 'एस' अशी दोन अक्षरे लागत. पुढे 'ई' गळाला आणि त्याच्या जागी ही खूण राहिली.

ही खूण दिसायला बारीक, पण तिच्यावाचून काय होते ते पाहा. एका गृहस्थांनी मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरला. 'फादर्स नेम' असे छापले होते, तिथे त्यांनी आपल्या वडिलांचे नाव लिहिले. त्यांच्या दृष्टीने बरोबरच होते. अर्ज भरणारे ते, मग फादर त्यांचेच! 'मदर्स नेम'पुढे आपल्या आईचे नाव. अर्ज परत आला तेव्हा शेवटच्या तारखेला दोन दिवस उरले होते आणि गृहस्थ कामावर परगावी. मुलीनेच धावपळ करून नवा अर्ज भरला म्हणून वर्ष वाचले. आता नियम असा ध्यानात ठेवायचा की अर्ज ज्याच्या नावाचा, त्याचे फादर आणि त्याची मदर. मधे एक 'अर्जदाराच्या' हा शब्द छापायचा राहिला आहे असे समजावे : ॲप्लिकंट्स फादर्स नेम, म्हणजे अर्जदाराच्या वडिलांचे नाव. एकापुढे एक दोन एससुद्धा असे लागू शकतात, जसे मराठीत 'च्या' मागून 'चे' येते.

'मदर्स नेम'चे महत्त्व आता वाढले आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचे नाव बंधनकारक केले. आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. ज्या मायमाउलीने कोपीवर लेकरू वाढवले तिचे नाव शाळेच्या हजेरीपटावर यायला एवढी वर्षे लागली! ते नाव इंग्रजीत कसे लिहायचे हे घरात एकदाच ठरवून वहीत लिहून ठेवावे. दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे आणि बँकेत तिसरे, हा घोळ निस्तरताना मी लोकांच्या मजुऱ्या बुडालेल्या पाहिल्या आहेत.

दुसरी सोय 'ऑफ'ची. डेट ऑफ बर्थ, प्लेस ऑफ बर्थ, सन ऑफ, वाइफ ऑफ. बँकेच्या पाटीवर स्टेट बँक ऑफ इंडिया, बँक ऑफ महाराष्ट्र. शासकीय कागदाच्या डोक्यावर गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र. ही वाचायची साधी युक्ती म्हणजे 'ऑफ' आला की मागून पुढे वाचायचे. डेट ऑफ बर्थ : आधी बर्थ, मग डेट. जन्माची तारीख. कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया : भारताचे संविधान. एस मात्र मराठीसारखाच सरळ चालतो. मदर्स नेम, आईचे नाव. शब्दांचा क्रम तोच. म्हणून नवशिक्याला एस सोपा आणि ऑफ अवघड जातो.

कुठे काय वापरायचे? सजीवांना बहुधा एस, निर्जीवांना बहुधा ऑफ. आईची साडी : मदर्स सारी. घराचे दार : द डोअर ऑफ द हाउस. हा नियम काही पोलादी नाही. इंग्रज लोक 'टुडेज न्यूजपेपर' म्हणतात, म्हणजे आजचे वर्तमानपत्र, आणि 'आज' काही सजीव नाही. पण सुरुवातीला एवढा नियम पुरे.

मालक अनेक असले तर एस आधीच लागलेला असतो. अशा वेळी खूण एसच्या नंतर येते. वसतिगृहाच्या पाटीवर 'गर्ल्स हॉस्टेल' लिहितात, तिथे एक मुलगी राहत नाही, पुष्कळ राहतात; म्हणून खूण एसच्या पलीकडे. खूण अलीकडे घातली तर ते वसतिगृह एकाच मुलीचे झाले! आपल्याकडच्या पाट्यांवर ही खूण कोठेही बसलेली दिसते, कित्येकदा तर बसलेलीच नसते. शहरात जाल तेव्हा मुलांना पाट्या वाचायला लावा आणि खूण शोधायला सांगा. फुकटची शाळा आहे.

'त्याची बहीण' हिज की हर?

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. मुलांना 'त्याची बहीण' हे इंग्रजीत सांगायला लावा. दहातली निदान चार-पाच मुले 'हर सिस्टर' म्हणतील. का? कारण 'ची' ऐकू आली. 'ची' म्हणजे स्त्रीलिंग, बहीणही स्त्री, मग 'हर'. मुलगा मूर्ख नाही. तो मराठीचा नियम चोख पाळतो आहे. चूक झाली ती इंग्रजीचा नियम वेगळा आहे हे त्याला कोणी न सांगितल्यामुळे.

मराठीत 'त्याची' या शब्दात दोन माणसे बसलेली असतात. पुढे 'त्या', म्हणजे मालक. मागे 'ची', म्हणजे जी मालकीची ती. 'त्याचा भाऊ, त्याची बहीण, त्याचे घर' यांत मालक तोच, पण शेपूट प्रत्येक वेळी बदलते. आपल्याकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते, कारभार उर्दूत चाले, आणि आजही बाजारात दखनी कानावर पडते. तिथेही तसेच. उसका भाई, उसकी बहन. दोन्ही भाषा शेपटीकडे बघायला शिकवतात.

इंग्रजी शेपटीकडे बघतच नाही. ती फक्त मालक पाहते. मालक पुरुष असेल तर हिज : हिज ब्रदर, हिज सिस्टर, हिज हाउस. मालक बाई असेल तर हर : हर ब्रदर, हर सिस्टर, हर हाउस. मालक अनेक असतील तर देअर. वस्तू, जनावर असेल तर इट्स. म्हणून मुलांना सांगावे की शेपूट झाकायची. वहीत 'त्याची' लिहा आणि 'ची'वर बोट ठेवा. 'त्या' उरला? हिज. 'तिचा' लिहा, 'चा'वर बोट ठेवा. 'ति' उरली? हर. आठ दिवस असे बोट ठेवायला लावले की चूक जवळजवळ निघून जाते.

बाकीची चौकडी सोपी आहे. माझा-माझी-माझे : माय. तुझा, तुमचा, सगळे : युवर. आमचा आणि आपला : अवर. इथे इंग्रजी थोडी गरीब आहे. 'आमची वस्ती' म्हटले की ऐकणारा बाहेरचा असतो आणि 'आपली वस्ती' म्हटले की तो आतला होतो. मराठीने एका अक्षरात केलेला हा फरक इंग्रजीला करता येत नाही. तिला दोन्हीकडे 'अवर'.

आदराचा घोटाळा

मराठीत आपण वडीलधाऱ्यांना अनेकवचन लावतो. बाबा आले, त्यांचे नाव, ते म्हणाले. इंग्रजीत एक माणूस म्हणजे एकच माणूस, मग तो कितीही मोठा असो. १४ एप्रिलच्या निबंध स्पर्धेच्या वह्या तपासताना 'बाबासाहेब वेअर', 'देअर फादर' अशी वाक्ये ढिगाने निघतात. मुलांना वाटते, 'वॉज' लिहिले तर बाबासाहेबांना अरे-तुरे केल्यासारखे होईल. तसे होत नाही. बाबासाहेब वॉज, ही वॉज, हिज फादर, हेच बरोबर. याचा दाखला बाबासाहेबांच्याच ग्रंथात आहे. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याचे नाव 'द बुद्धा अँड हिज धम्मा'. मराठी भाषांतराचे नाव 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'. मराठीत 'त्यांचा' आणि इंग्रजीत 'हिज'. ही दोन मुखपृष्ठे शेजारी ठेवली की धडा तिथेच संपतो.

याची दुसरी बाजूही आहे. मराठीत समोरच्याला तू म्हणायचे, तुम्ही म्हणायचे की आपण म्हणायचे, हे त्याचे वय, हुद्दा आणि खेड्यापाड्यात त्याची जात पाहून ठरत आले. आपल्या म्हाताऱ्यांना गावातल्या शेंबड्या पोरांनी अरे-तुरे केलेले आजही अनेकांना आठवत असेल. इंग्रजीत कलेक्टरला यू आणि झाडूवाल्यालाही यू. इंग्रज समाज समतेचा पुतळा होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. मान-अपमान करायला त्यांच्याकडे इतर शब्द आहेत. पण निदान त्या एका शब्दात तरी चढ-उतार नाही, आणि पहिल्यांदा इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या मुलीला तेवढीच मोकळीक मिळते.

'आहे' आणि 'हॅव'

षष्ठी आणि क्रियापद यांच्या सीमेवर एक खड्डा आहे. 'मला दोन भाऊ आहेत' हे वाक्य घ्या. मुले 'टू मी टू ब्रदर्स आर' किंवा 'माय टू ब्रदर्स आर' असे काहीतरी करतात. मराठीत 'जवळ असणे' याला वेगळे क्रियापद नाही. आपण 'आहे'वरच भागवतो. मला ताप आहे, माझ्याकडे पैसे आहेत, आम्हाला दोन एकर रान आहे. इंग्रजीत या सगळ्यांना एकच क्रियापद, हॅव. आय हॅव टू ब्रदर्स. आय हॅव फीव्हर. आय हॅव मनी. वी हॅव टू एकर्स. मालक एक आणि तो मी किंवा तू नसेल तर हॅज : शी हॅज टू ब्रदर्स.

मग 'आहे' कुठे लागतो? जिथे एखाद्याची ओळख किंवा स्थिती सांगायची तिथे. आय ॲम अ वर्कर, मी कामगार आहे. शी इज अ नर्स. दे आर इन पुणे. परीक्षा एकच. वाक्यात कोणाजवळ काही असण्याची गोष्ट आहे का? असेल तर हॅव-हॅज. नसेल तर ॲम-इज-आर.

क्रियापदाची जागा

मराठीत क्रियापद शेवटी बसते. आई ऊस तोडते. इंग्रजीत ते मधे बसते : मदर कट्स केन. कोण, काय करते, मग काय. हा क्रम मोडायचा नाही. मराठीत 'बाळू म्हशीला मारतो' म्हणा की 'म्हशीला बाळू मारतो' म्हणा, मार म्हशीलाच बसतो, कारण 'ला' तिला चिकटलेला आहे. इंग्रजीत 'ला' नाही. तिथे जागा बदलली की मार बाळूला बसतो! मराठीत शब्दाचे काम त्याचा प्रत्यय सांगतो, इंग्रजीत त्याची जागा सांगते. माझ्या मते इंग्रजीच्या पहिल्या वर्षात एवढे एक कळले तरी पुष्कळ झाले.

'मी' हा शब्दही गाळता येत नाही. 'आलोच', 'जेवलो', 'जातो' असे आपण नुसत्या क्रियापदावर बोलतो, कारण 'तो'-'लो'मध्ये 'मी' लपलेला असतो. विहारात आपण रोज म्हणतो तो पालीतला 'गच्छामि' शब्द पाहा. शेवटच्या 'मि'मध्येच 'मी' आहे. गच्छामि म्हणजे मी जातो. इंग्रजी क्रियापदाच्या पोटात असे कोणी लपत नाही. 'गो' कोण जातो ते सांगत नाही. म्हणून 'आय गो' असे दोन शब्द लागतात.

आता पुन्हा तो एस! आय कट, यू कट, वी कट, दे कट. पण शी कट्स, ही कट्स, मदर कट्स. करणारा एक असेल, आणि तो मी किंवा तू नसेल, तर क्रियापदाला एस. म्हणजे एकाच एसची तीन कामे झाली. नामाला लागला तर अनेक, खुणेसह लागला तर 'चा-ची-चे', क्रियापदाला लागला तर एकच करणारा. मुले इथे गोंधळतात, कारण नामाला एस लागला की माणसे वाढतात आणि क्रियापदाला एस लागला की माणूस एकटा पडतो. जमाखर्चासारखे आहे. एस एका बाजूलाच पडतो : गर्ल रीड्स, गर्ल्स रीड. मुलगी वाचते, मुली वाचतात. बहुतेक साध्या वाक्यांत हा ताळा जुळतो.

प्रश्न विचारताना आपण वाक्याच्या शेवटी 'का' लावतो. ती ऊस तोडते का? इंग्रजीत हे 'का' वाक्याच्या तोंडाशी येते आणि त्याचे रूप डू किंवा डज असते. डज शी कट केन? आता एस कुठे गेला पाहा. 'कट्स'मधला एस उठून 'डज'मध्ये जाऊन बसला. एस एकदाच! 'डज शी कट्स' म्हणणारा एकाच पावतीचे पैसे दोनदा भरतो.

भूतकाळाची गंमत अशी की तिथे मराठीच जास्त अवघड आहे. आईने आंबा खाल्ला, भाकर खाल्ली, केळे खाल्ले. क्रियापद आईला सोडून खाण्याच्या वस्तूमागे धावते. इंग्रजीत तिन्हीकडे 'एट'. आंबा असो, भाकर असो. एसही लागत नाही, कारण साध्या भूतकाळात तो गळून पडतो. बहुतेक क्रियापदांना शेवटी 'ईडी' लावली की झाले : वर्क-वर्क्ड, वॉक-वॉक्ड. पुष्कळ क्रियापदे मात्र आपली चाल वेगळी ठेवतात : गो-वेंट, कम-केम, गिव्ह-गेव्ह, राइट-रोट, आणि आपले 'कट' तर काळ बदलला तरी कटच राहते. ही रोज पाच या हिशेबाने घरात म्हणवून घ्यावीत. स्वयंपाक करता करता आईने मराठी क्रियापद म्हणायचे, मुलाने इंग्रजीची दोन्ही रूपे सांगायची. 'गेली' म्हटले की 'गो, वेंट'. आईला उत्तर माहीत असण्याची गरज नाही. मूल अडखळले की तिला कळतेच! वहीत बघून सांगू द्यावे.

आता दहा वाक्ये देतो. मुलांनी उत्तरांवर हात ठेवून आधी वहीत लिहावीत आणि आई-वडिलांनी शेजारी बसून मराठी वाक्य मोठ्याने वाचून दाखवावे.

त्याची बहीण नर्स आहे. तिचा भाऊ पुण्यात आहे. मला दोन बहिणी आहेत. तिला एक मुलगा आहे. माझ्या आईचे नाव या अर्जावर आहे. शाळेचे दार उघडे आहे. मुली पुस्तके वाचतात. माझे वडील ऊस तोडतात. तुझी आई बीडला जाते का? काल आम्ही घरी आलो.

उत्तरे : हिज सिस्टर इज अ नर्स. हर ब्रदर इज इन पुणे. आय हॅव टू सिस्टर्स. शी हॅज अ सन. माय मदर्स नेम इज ऑन धिस फॉर्म. द डोअर ऑफ द स्कूल इज ओपन. गर्ल्स रीड बुक्स. माय फादर कट्स केन. वडील आदरार्थी असले तरी एकच आहेत, म्हणून एस. डज युवर मदर गो टु बीड? यस्टरडे वी केम होम.